वाळवंटकाकांचं पाणी

गल्लीत त्यांना वाळवंटकाका म्हणत. धंदा कुलपं दुरुस्त करायचा, पण साधी किल्ली घासून घ्यायला गेलात तरी गोष्ट फुकट मिळायची. तरुणपणी गावाबाहेरच्या वाळूत सिनेमावाले आले होते, आणि तहानेनं मरायला टेकलेल्या नायकाला भरधाव घोड्यावरून येऊन पाणी पाजलं ते म्हणे काकांनी! सिनेमा सपशेल आपटला. कधी आला नि कधी गेला, खुद्द काकांनाही बघायला मिळाला नाही. त्यामुळे खोटं पाडणारंही कुणी नव्हतं.

परवा सुनेनं तो कुठून तरी हुडकून टीव्हीवर लावला. नातवंडं पुढे, काकू मागे भाजी निवडत बसलेल्या. काकांचं अर्धं लक्ष मागे काकूंकडेच होतं. लग्न ठरताना त्यांनी काकूंना हीच गोष्ट रंगवून सांगितली होती, आणि त्या पाण्यावरच आपल्याला होकार मिळाला, असं ते जन्मभर धरून चालले होते.

सुरुवातीपासूनच सगळा गोंधळ. तीच माणसं आधी लुटारू, मग डोक्यावरची फडकी बदलून व्यापारी. तोंडं सगळ्यांचीच झाकलेली.

"आजोबा, तुम्ही कोणते?"

"थांब गं, येतोय."

शेवटी तो प्रसंग आला. स्वार उतरला, तोंडावरचं फडकं काढलं, तर हा भला दांडगा मिशाळ गडी!

"हे तुम्ही नाहीच," धाकटी नात म्हणाली.

"तुमचा भाग कापला असेल, बाबा," सुनेनं सावरून घेतलं.

काकांना ती सबबही घेता येईना. पाण्याच्या पिशवीचं वजन हाताला आठवत होतं, नायकाचे फुटके ओठ आठवत होते. मग हा कोण मेला मध्येच? की आपण नुसते लांबून बघत होतो, आणि सांगून सांगून आपल्यालाच खरं वाटायला लागलं? काही म्हणता काही उमजेना. लाजेनं कान तापले. ते मागे वळले.

"अगं, देवाशप्पथ, मला वाटत होतं मीच..."

"मला ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "आमच्या गावी लागला होता हा. होकार द्यायच्या आधी दादाबरोबर बघून आले होते."

काकांनी आ वासला. "म्हणजे तेव्हाच कळलं होतं? मग हो कशाला म्हणालीस?"

"सिनेमाभर तुम्हालाच शोधत बसले होते. कुठे म्हणून सापडला नाहीत. म्हटलं, आता समोर बसवूनच बघावं."

काकांना हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं आल्यागेल्यासमोर हिनं ती गोष्ट मान डोलावत ऐकली होती. वर, "अहो, घोड्याचं सांगायचं राहिलं," अशी आठवण तीच तर करून द्यायची!