पहिले दोन थेंब

नाशिकला गंगापूर धरणाच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलाच्या बारमध्ये मी दोन वर्षं लिंबं कापली. लिंबं कापायची, बर्फ फोडायचा, ग्लास पुसायचे. मला काउंटरवर ड्रिंक बनवू द्या म्हटलं की मॅनेजर नाक मुरडायचा. "सुरगाण्याची ना तू? तुमच्याकडे मोहाची गाळतात, ते वेगळं. हे वेगळं."

काय वेगळं हो? कपाटात कुलूप लावून मेझकालची बाटली ठेवलेली. मेक्सिकोची दारू. आपल्या बांधावर घायपात असते ना, त्याच जातीच्या झाडाचा गड्डा खड्ड्यात निखाऱ्यांवर भाजून ती काढतात. पहिल्यांदा बूच उघडून वास घेतला आणि मी हसलेच. अगं बाई, हा तर आमच्या परसातला धूर!

मग एकदा मालकीणबाई म्हणाल्या, प्रत्येकानं नवं ड्रिंक करून दाखवा, ज्याचं आवडेल तो काउंटरवर. मी हट्टालाच पेटले. नेग्रोनी नावाचं जुनं, नावाजलेलं ड्रिंक आहे. जिन, लाल कडू दारू आणि व्हर्मूथ नावाची गोडसर वाइन, तिन्ही सारख्या मापानं. मी जिन काढून मेझकाल घातली. बर्फावर सावकाश ढवळली. निखाऱ्यावर मोहाची वाळकी फुलं टाकून त्या धुरावर ग्लास पालथा धरला, मग त्यात बर्फासकट ओतलं. वर संत्र्याची साल.

आणि तिथंच घोळ केला. सवयीनं ग्लासात बोट बुडवलं आणि दोन थेंब खाली शिंपडले. पांढऱ्याशुभ्र फरशीवर, मालकीणबाईंच्या पायाशी. आमच्याकडे आधी धरतीला दिल्याशिवाय कुणी दारू तोंडाला लावत नाही. हात आपोआप जातो.

मॅनेजर किंचाळला, "गिऱ्हाइकाच्या ग्लासात बोट? माफी माग आधी!"

"बोटाची मागते," मी म्हणाले. "बोट चुकलंच. थेंबांची नाही मागणार."

मालकीणबाई समजुतीनं म्हणाल्या, "अगं, छान दिसतंय ड्रिंक. ते शिंपडणं तेवढं सोड, काउंटर तुझा."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. दोन वर्षं ज्याच्यासाठी बोटं चिरून घेतली ते समोर आलं होतं, नाही असं नाही. तरी मी ग्लास मागे ओढला.

"बाई, मी लहान होते तेव्हा पोलिसांनी आमच्या घरामागची मडकी काठीनं फोडली. सगळी दारू अंगणात वाहून गेली. आई रडली नाही. जमिनीला हात लावून म्हणाली, 'घे माय, आज समदं तुलाच.' तिनं समदं दिलं आणि मी दोन थेंबांना लाजू?"

बर्फ वितळत चालला होता आणि मला त्याचाही राग येत होता. ड्रिंक पाणचट होणार आता.

मालकीणबाईंनी ढवळायचा लांब चमचा उचलून माझ्या हातात दिला. "बोटानं नाही," एवढंच म्हणाल्या.

मॅनेजर फडकं घेऊन फरशी पुसायला वाकला होता. त्याला म्हटलं, "थांबा, अजून द्यायचंय."

चमच्यानं दोन थेंब सोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, "घे माय."