देवाच्या चवरीचे केस

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. त्या घरात राहून मी मासे धरतो, हे पन्नाशीला आलो तरी कुणाला सांगितलं नव्हतं. धरतो आणि सोडून देतो. पण सोडतो हे सांगायचं तर आधी धरतो हे सांगावं लागणार. म्हणून काहीच बोललो नाही. सकाळी केलगेरीच्या तळ्यावर फिरायला जातो, एवढंच घरी ठाऊक. रॉड दुकानाच्या माळ्यावर, साड्यांच्या रिकाम्या खोक्यांमागे.

सुभाष रोडला आमचं फॉल-अस्तराचं दुकान आहे. दुपारी शटर अर्धं ओढलं की मी माळ्यावर फ्लाय बांधत बसतो. फ्लाय म्हणजे गळावर दोऱ्यानं बांधलेलं खोटं आमिष. माझं बोटाएवढ्या माशासारखं दिसतं, कारण तळ्यातली मरळ अशाच बारक्या माशांवर झडप घालते. गळ छोट्या शिकंज्यात कसायचा, पोटाच्या बाजूला लांब पांढरे केस, पाठीला काळपट, मधे चमकायला जरीची एखादी तार, शेवटी डोळा चिकटवायचा. दोरा आणि जर दुकानातलीच. अडलं होतं ते केसांपाशी. नायलॉनचे केस पाण्यात काडीसारखे ताठ राहत. हे काम करणारे लोक हरणाच्या शेपटीचे केस वापरतात. पण मेलेल्या जनावराची शेपूट पार्सलनं मागवायची, तीही आमच्या पत्त्यावर?

मग मी देवघरातली चवरी कापली.

चवरी म्हणजेही याकची शेपूटच, हे मला माहीत होतं. पण ती चांदीच्या मुठीत बसवलेली, आरतीला देवावर ढाळायची. तिच्याबद्दल असा विचार आमच्यात कुणी करत नाही, मीही केला नाही. मुठीजवळून, आतल्या बाजूनं, चिमूटभर केस घेतले. पाण्यात ओढलं की ते मिटत, थांबलं की हळूच फुलत. जिवंत वाटायचं. मी पुन्हा कापले. नंतर पुन्हा.

नवरात्राआधी चवरी धुवायचं काम बायकोचं. लग्न होऊन आली तेव्हापासून देवाचं सगळं तीच बघते. यंदा धुऊन वाळल्यावर आईनं चवरी खिडकीशी धरली.

"हे काय गं? मुठीपाशी टक्कल पडलंय की!"

"रिठ्यानंच धुतली आई, दरवर्षीसारखी."

"रिठ्यानं केस गळतात होय? शाम्पू ओतला असशील. टीव्हीत बघून स्वतःच्या डोक्याला फासतेस तसला."

मी जेवत होतो. सार भुरकलं आणि आणखी भात मागितला.

संध्याकाळी आई कंपाउंडवरून शेजारच्या अक्कांना कन्नडमध्ये सगळं सांगत होती. अक्का बिचाऱ्या म्हणत होत्या, "होगली बिडरी, जाऊ द्या, कसर लागली असेल." आई म्हणाली, "कसर नव्हे. निष्काळजी हात." बायको आत भाजी निवडत होती. तिला कन्नड माझ्यापेक्षा चांगलं येतं.

दुसऱ्या दिवशी मोरीची जाळी काढून ती खाली वाकलेली दिसली.

"काय शोधतेस?"

"पांढरे केस. गळले असते तर इथं अडकले असते की नाही?" मग स्वतःशीच, "का पाणी जास्त कढत झालं होतं?"

"सोड गं. आईचं काय मनावर घेतेस," मी म्हणालो. इतक्या सहज म्हणालो की माझीच मला भीती वाटली.

त्यानंतर तळ्यावर जीव लागेना. एकदा मरळ लागली. तिच्या जबड्यातून गळ काढताना ते पांढरे केस दातांत गुंतले होते, आणि मी मागं वळून बघत होतो, कुणी ओळखीचं फिरायला आलंय का. मासा हातात उगाच जास्त वेळ राहिला. पाण्यात सोडल्यावर तो तिरका झाला, बऱ्याच वेळानं सरळ होऊन गेला.

घट बसायच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "यंदा देवाचं तू करू नकोस. बेळगावहून धाकट्या सुनेला बोलावते."

बायको "बरं" म्हणाली. फक्त बरं. देवघरातून बाहेर आली आणि कुठं उभं राहावं हे न कळल्यासारखी फ्रीजपाशी उभी राहिली.

"आई, चवरी मी कापली."

"तू? कशाला रे?"

"मासे धरायला."

आईला आधी समजलंच नाही. मग तिनं एकच विचारलं, "खातोस?"

"नाही. सोडून देतो."

"मग धरतोस कशाला?"

ते सोडून बाकीचं सगळं सांगितलं: माळा, जर, तळं, किती वेळा कापले ते आठवत नाही हेही. आई माझ्याकडे न बघता सुनेवर उखडली, "अगं, मग तू तरी म्हणायचं होतंस की, मी काही केलं नाही म्हणून!"

"म्हटलं होतं की आई," बायको म्हणाली.

माझ्याशी ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं देवघरातलं फडकं आणून माझ्यापुढं ठेवलं. "आता तुम्हीच करा." आईनं समजावलं, धाकटीचं नाव मागं घेतलं, तरी ती ऐकेना.

नवरात्रात देव मी पुसले. आई खुर्ची टाकून बसायची, "घासू नकोस रे, पूस," म्हणायची. पहिल्या संध्याकाळी आरतीला तिनं सुनेला हाक मारली, "ये गं, चवरी तू घे."

"हात ओले आहेत माझे," स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली.

मी वळून पाहिलं. हात कोरडे होते.