महिपतरावांचे पाच

“मुलं किती?” असं कुणी विचारलं की आमचे आबा, म्हणजे महिपतराव जगदाळे, बेधडक सांगायचे, “पाच मुलगे, एक मुलगी.” मग माझी आई आतून भांडं आपटायची, कारण ते पाच मुलगे तिचे नव्हतेच. ते सचिवालयाच्या बास्केटबॉल संघातले कारकून होते. मी एकुलती एक असूनही घरात माझा नंबर सहावा, हे मला फार लवकर कळून चुकलं.

आबा ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेत कवायत शिकवायचे. फौजेनंच त्यांना मद्रासला पाठवून हा खेळ शिकवून आणला. आमचं घराणं तलवारीचं, आणि हा माणूस चेंडू घेऊन परत आला म्हणून आजोबांनी बरेच दिवस अबोला धरला होता. पुढे संस्थान मध्यभारत नावाच्या नव्या राज्यात विलीन झालं, फौज भारताच्या सेनेत गेली आणि चाळिशी उलटलेले आबा घरी बसले. नशिबानं मोतीमहालात आलेल्या नव्या सचिवालयाच्या क्लबाला खेळाचा भारी शौक होता. त्यांनी आबांना पगारी कोच नेमलं.

पोरं आबांनी स्वतः निवडली. सगळी मराठी घरांतली. जयसिंह कप्तान, सूर्याजी सर्वांत उंच आणि सर्वांत आळशी. इंदरगंजाजवळच्या मातीच्या मैदानावर आबा सकाळ-संध्याकाळ त्यांना पळवायचे आणि रेषेबाहेर उभे राहून ओरडायचे, तेही मराठीत. “जयसिंहा, डावीकडनं घुस, त्याचं लक्ष नाहीये!” आग्रा, कानपूर, दिल्लीच्या संघांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, आणि आमची पोरं नेमकी तिथून घुसायची.

ही आम्हा ग्वाल्हेरी मराठ्यांची जुनी खोडच. बाहेर हिंदी, घरात मराठी. त्यामुळे परक्यासमोर मनातलं बोलायचं तर खुशाल मराठीत बोलून घ्यायचं. दालबाजारात आई दुकानदाराच्या तोंडावर मला सांगायची, “तू नुसती चालायला लाग, हा भावात आपोआप खाली येतो.” तो यायचाही.

छप्पन साली कळलं की मध्यभारत संपणार आणि राजधानी भोपाळला जाणार. सचिवालय जाणार म्हणजे कारकूनही जाणार. आबांनी जेवण टाकलं. शेवटी क्लबाचे सेक्रेटरी रघुनाथराव म्हणाले, “महिपतराव, थोडी दफ्तरं इथेच राहणार आहेत. नवरात्रात नागपूरचा संघ येतोय. त्यांना हरवून कप आणा, म्हणजे मला वर जाऊन बोलायला तोंड राहील. ही पाच पोरं ग्वाल्हेरातच ठेवा म्हणून मी हट्ट धरतो.”

त्या दिवसापासून आबांना दुसरं काही सुचेना. मला तर त्या नागपूरकरांचीच दया यायची. नागपूरचीही राजधानी भोपाळलाच जात होती, त्यांच्याही कोचनं असंच जेवण टाकलं असणार. पण हे घरात बोलायची सोय नव्हती.

सामन्याच्या सकाळी आबा त्या पाहुण्यांबरोबर मराठीत मनसोक्त गप्पा मारून, चहा पिऊन आले. आणि संध्याकाळी शिट्टी वाजली तसं सगळं विसरून आयुष्यभराच्या सवयीनं ओरडू लागले. “सूर्याजी, मागं ये! जयसिंहा, उजवीकडनं!” जयसिंह उजवीकडून गेला तर तिथे दोन नागपूरकर आधीच उभे. “डावीकडनं!” तर डावीकडे तिघे. मला प्रेक्षकांत बसून कळलं, पण आबांना कळेना. ते आणखी मोठ्यानं ओरडत राहिले.

मध्यंतरात जयसिंह धापा टाकत आला. “आबा, त्यांना सब समजतंय! हिंदीत सांगा ना!”

आबांचा चेहरा पडला. खेळ पुन्हा सुरू झाला, त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. बाजारात, दफ्तरात फाडफाड हिंदी बोलणाऱ्या माणसाला आपल्या पोरांना हिंदीत हाक मारता येईना. पोरं चेंडू हातात घेऊन सारखी त्यांच्याकडे बघत होती. त्या आवाजाशिवाय ती कधी खेळलीच नव्हती.

एका बास्केटनं हरलो. नागपूरचा कप्तान आबांच्या पाया पडून म्हणाला, “कोचसाहेब, तुम्ही तं आम्हालेच खेळवून राहिले होते ना!” सगळे हसले. आबाही हसले, आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

पोरं भोपाळला गेली. निघताना सूर्याजी म्हणाला, “फिकर नका करू आबा, दर सणाला येऊ, पक्कं.” पण नवी नोकरी, नवं बिऱ्हाड, रजा कुठून मिळणार? आबा कॉलेजच्या मुलांना शिकवू लागले, हिंदीत, आणि त्यांनी चांगलं शिकवलं. कपही आले. पण संध्याकाळी घरी आले की ते मला विचारायचे, “आत्ता आपली पोरं काय करत असतील गं?” मला राग यायचा. माझ्याबद्दल त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. आणि राग ओसरला की लक्षात यायचं, मलाही तेच विचारावंसं वाटत होतं.

दोन वर्षांनी जयसिंहाचा निरोप आला की खात्याखात्यांच्या सामन्यांची फायनल आहे, याच. मी आबांना घेऊन भोपाळला गेले. मैदानावर पाचही जण होते. पण जयसिंह आणि आणखी दोघे महसूल खात्याकडून, तर सूर्याजी आणि पाचवा त्यांच्या विरुद्ध शिक्षण खात्याकडून. पाचांनी एकदमच आबांना पाहिलं आणि शाळकरी पोरांसारखे हात हलवले.

आबांनी सामनाभर कुणालाच हाक मारली नाही. दोन्ही हातांनी त्यांनी बाकाची कड घट्ट धरली होती. शेवटची मिनिटं आली, गुण बरोबरीत, माणसं उभी राहून ओरडत होती. मी वाकून विचारलं, “आबा, कोण जिंकायला हवं?”

“कुणीच नको,” आबा म्हणाले. “संपायला नको.”