डाव्या सीटवरचा क्लच

गाडी घ्यायची तर पळणारी घ्यायची, असं माझ्या नवऱ्याचं मत. आणि ते त्यानं नेमकं तेव्हा मांडलं, जेव्हा डॉक्टरांनी त्याला गाडी चालवायला कायमची बंदी केली होती.

बोलताना मी त्याला अहोजाहो करते. लिहिताना एकेरीवर येते आहे. इतकी वर्षं मोटारीत त्याच्या शेजारी बसून त्याची व्याख्यानं ऐकल्यावर एवढी सूट मला मिळायला हरकत नाही.

काचबिंदूनं त्याची बाजूची नजर गेली. समोरचं झकास दिसतं. टीव्हीवरची खालची पट्टी वाचतो, माझ्या चेहऱ्यावरचा रागही वाचतो. पण डावीउजवीकडून काही आलं की ते त्याच्यासाठी थेट आभाळातून पडतं. गुलमंडीजवळ पेरूची एक हातगाडी अशीच पडली. माणसाला काही झालं नाही, देवाची कृपा. पेरू मात्र उतारानं इतके लांब घरंगळले की अर्ध्या बाजारानं फुकट खाल्ले. नवऱ्याचं म्हणणं आजही हेच आहे की हातगाडीनं हॉर्न दिला नाही.

त्यानंतर जुनी गाडी विकली. किल्ली त्यानं स्वतःच्या हातानं दिली, घरी आला आणि जेवायला बसला. भाजी अळणी होती. तरी तो एका शब्दानं बोलला नाही, तेव्हा मला खरी काळजी वाटली.

मग मी शिकले. उभा जन्म स्कूटीवर काढलेली बाई, साठीच्या उंबऱ्यावर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले. शिकवायला एक आपा होत्या. त्यांचा धीर जमिनीसारखा होता, कारण विद्यार्थी माझ्यासारखे होते. "किलच को एकदम नक्को छोडो मॅडम, गाडी रूठ जाती," एवढं एकच वाक्य त्या दिवसभर म्हणत. गाडी रोज रुसायची. लायसन्स मिळालं, पण माझा डावा पाय आणि डावा हात यांचं आपसात बोलणं नव्हतं ते नव्हतंच.

त्यामुळं मी ठरवलं, ऑटोमॅटिक घ्यायची. क्लच नाही, गिअर नाही, भांडण नाही. पुण्यात असलेल्या आमच्या मुलांनीही तेच सांगितलं. पांढरी घे, उंच घे, ऑटोमॅटिक घे. नवऱ्यानं मात्र मोबाईलवर एक गाडी हेरून ठेवली होती. लाल, बुटकी, रागावल्यासारखं तोंड असलेली, आणि फक्त गिअरवाली. तिचे व्हिडिओ तो कानाला लावून ऐकायचा. होय, ऐकायचा. वाळूजच्या कंपनीत त्याची सगळी नोकरी मेंटेनन्सला गेली. मशीन बघण्याआधी तो तिचा आवाज ऐकतो. लग्नाआधी मला बघायला आला तेव्हाही त्यानं मला काहीतरी बोलायला लावलं होतं.

"ऑटोमॅटिक म्हंजे गाडी नाय, लिफ्ट हाय," तो म्हणाला. "बटन दाबायचं आन् उभं ऱ्हायचं."

चालवणार मी, याची मी त्याला आठवण करून दिली. त्यानं मान हलवली. मग जरा वेळानं म्हणाला, की आपली ही शेवटची गाडी असंल. शेवटी तह झाला. त्याच्या लाल गाडीची एक फेरी मी मारीन, तो तिचा आवाज पोटभर ऐकेल, आणि त्याच दिवशी त्याच शोरूममध्ये मी माझी ऑटोमॅटिक बुक करीन.

जालना रोडवरच्या शोरूममध्ये गेलो. सेल्समन टायवाला, अदबशीर. त्यानं सगळं नवऱ्याला सांगायला सुरुवात केली, म्हणजे पॉवर, पिकअप वगैरे. नवरा सुखानं ऐकत होता. चालवणार मी आहे म्हटल्यावर सेल्समन माझ्याकडे वळला आणि गाडीत आरसा किती मोठा आहे ते सांगू लागला.

त्या लाल गाडीत बसणं म्हणजे पंगतीत पाटावर बसणं. गुडघे कानाशी येतात. नवरा माझ्या डाव्या हाताला बसला, मुलांनी पाठवलेले पांढरेशुभ्र बूट घालून. सेल्समन मागं. त्याचं म्हणणं, चिकलठाण्यापर्यंत जाऊन परत यायचं, कंपनीची फेरी तेवढीच. नवरा म्हणाला, सपाटीवर कुणाचीबी गाडी पळती, गाडी घाटात बघायची असती. दौलताबादचा घाट. सेल्समननं साहेबांना फोन लावला, महिना संपत आला होता, आणि परवानगी मिळाली.

छावणीपर्यंत ठीक चाललं. म्हणजे मी चालवत होते आणि नवरा बोलत होता. तिसरा टाक. आता टाक. अगं टाक की. गाडी रडायली, ऐकू येत नाय का. त्याच्या बोलण्याबरोबर खाली कुठंतरी धप धप असा आवाज येत होता. मला वाटलं गाडीतच काही बिघाड आहे. मी सेल्समनला विचारलं, तर तो म्हणाला, नाही मॅडम, सरांचा पाय आहे. नवरा चटईवर डावा पाय आपटत होता. मला वाटलं माझ्यावरचा राग आहे. म्हणून मीही दोन गिअर मुद्दाम उशिरा टाकले.

दौलताबादला किल्ल्यापुढं रस्ता एका जुन्या वेशीतून जातो. एका वेळी एकच गाडी मावते, हे दोन्हीकडच्यांना माहीत असतं आणि दोन्हीकडचे घुसतात. मीही घुसले. समोरून सीताफळांनी भरलेला टेम्पो घुसला. माझ्यामागं जीप. चढाचा रस्ता, तोंडाशी टेम्पो, आणि शेजारी माझा नवरा.

"हाफ क्लच धर. ब्रेक सोड. एवढा नाय. रिव्हर्स टाक. डावीकडं बघ, मला दिसत नाय तिकडचं."

गाडी बंद पडली. चालू केली, पुन्हा बंद पडली. टेम्पोवाला खाली उतरून खिडकीशी आला. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. "निवांत घ्या मावशी," तो म्हणाला. "सीताफळं आजच्या आज पिकत नायती." मागचा जीपवाला एवढा संत नव्हता. त्याचा हॉर्न वेशीत घुमत होता, आणि त्याच्यावर ताण करून नवरा मला क्लच शिकवत होता.

माझा तोल सुटला. "अहो, आता एक शब्द बोललात तर इथंच उतरवीन. सीताफळं विकत बसा."

मागं सेल्समननं टाय सैल केल्याचंही ऐकू आलं. नवरा समोर बघत बसला. मी जीपवाल्याला हातानं मागं व्हायला लावलं, गाडी वीतवीत मागं घेतली, टेम्पो गेला, आणि आणखी एकदा रुसून गाडी वेशीतून पार झाली.

घाट सुरू झाला. आता बोलणारं कुणी नव्हतं, आणि तेव्हा मला कळलं की मला काहीच कळत नाही. इंजिन घुमत होतं. ते खुशीनं घुमतंय की जिवाच्या आकांतानं, कुणाला ठाऊक. नवऱ्याला विचारायचं तर आत्ताच त्याचं तोंड बंद केलेलं. आता नाक मुठीत धरून कसं विचारणार? डाव्या आरशात बघायला मान वळवली, तर खाली त्याचा पांढरा बूट दिसला. तो हळूच पुढं सरकला, चटईवर दबला, क्षणभर थांबला आणि अलगद मागं आला.

तो आपटत नव्हता. तो क्लच दाबत होता.

पुढच्या वळणाला बूट पुन्हा सरकला. या वेळी मीही क्लच दाबला. गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. तो समोर बघत होता, ओठ मिटलेले, माझ्यावर रुसलेला, आणि पाय मात्र इमानदारीनं कामावर. पुढचा सगळा घाट मी त्या बुटाकडे तिरक्या डोळ्यानं बघत चढले. गाडी एकदाही रडली नाही. वर आल्यावर मागून सेल्समन म्हणाला, मॅडम, तुम्ही आधी उगाच घाबरवलंत.

"शिकलीस की," नवरा म्हणाला. बंदी मोडून त्यानं उच्चारलेले पहिले शब्द. श्रेय कुणाचं ते सांगायची मला काही घाई नव्हती.

खुलताबादला भद्रा मारुतीपाशी चहाला थांबलो, तर आम्ही उतरायच्या आत फुलवालीनं रुईची माळ गाडीच्या तोंडावर घातलीसुद्धा. चकचकीत गाडी म्हणजे नवी गाडी, आणि नवी गाडी म्हणजे पूजा, असा तिथला हिशोब. सेल्समन धावला. ताई, ही डेमो गाडी आहे, शोरूमची आहे, यांची नाही, रोज कुणी ना कुणी शिकाऊ चालवतो. नवऱ्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"रोज शिकाऊ चालवतात ना? मग मारुतीची गरज हिलाच जास्त."

नारळ फुटला. चाकाखाली लिंबू ठेवलं गेलं. ते मी चिरडलं, गाडी बंद न पाडता. नवऱ्यानं बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. गरम होतं, तरी.

परत शोरूमला आलो. तहाप्रमाणं माझी ऑटोमॅटिक तयार होती. पांढरी, उंच, सोज्वळ. हिच्यात मी खुर्चीत बसावं तशी बसले. जालना रोडला निघालो. काय सांगू, सुख होतं नुसतं. सिग्नलला थांबावं, सिग्नल सुटला की निघावं. पाय एकच, काम एकच. बाजूला नवरा अगदी शहाण्यासारखा बसला होता. एक सूचना नाही, एक शब्द नाही.

"बरी हाय ही," सिडकोच्या सिग्नलला तो म्हणाला. "तुला सोपी पडंल. हीच घे."

मी सवयीनं खाली बघितलं. बूट चटईवर पडून होता. देवळाबाहेर कुणी काढून ठेवावा तसा. दोन सिग्नल गेले, उड्डाणपूल गेला, बूट हलला नाही. हात मांडीवर, नजर काचेतून सरळ पुढं. भाड्याच्या जीपमधून सवारी नेतात तसा नेला जात होता तो, माझा नवरा, ज्यानं मला या शहरात गाडीत कधी नीट झोपू दिलं नाही. मला भडभडून आलं. गाडी चालवताना रडायचं कसं हे आपांनी शिकवलं नव्हतं, म्हणून मी पुढच्या सिग्नलपर्यंत थांबले, आणि मग डोळ्यात धूळ गेली असं सांगितलं. ऑटोमॅटिकच्या बंद काचांत धूळ.

शोरूममध्ये सेल्समननं दोन चहा आणि एक पेन आणलं. पांढरीच ना मॅडम, असं म्हणत तो बसलासुद्धा.

मी म्हटलं, लाल.

सेल्समननं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं माझ्याकडे. "अगं, तुला ऑटोमॅटिक पायजे व्हती ना? आता उगं माझ्यासाठी काय बी करू नकं. वेशीत काय झालं आठवतंय ना?"

"आठवतंय."

"मग?"

"त्या पांढरीत तुमचा पाय रिकामा बसला होता."

त्यानं खाली आपल्या बुटाकडे बघितलं. नुसतं पाहून भागलं नाही, पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतला. कान लाल झाले. या माणसाला लाजताना मी फार वर्षांनी पाहिलं.

"तुला दिसला व्हय त्यो?"

"मला बाजूचं दिसतं," मी म्हटलं.

तो बराच वेळ चहाचा कप फिरवत राहिला. चहा निवला. मग सेल्समनकडे वळून, अगदी कामाचं विचारावं तसं त्यानं विचारलं, की डाव्या बाजूची चटई जरा जाड मिळेल का.