आमचे उभे आमदार

आमचे आमदार दिलेल्या मताबद्दल खुर्चीत बसून बोलत आणि हुकलेल्या मताबद्दल उभं राहून. तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पंजाबात, चंदीगडजवळच्या झिरकपूरला आमच्या सोसायटीच्या बागेत ते रविवारी सकाळी येत. विधानसभेत कुठला कायदा आलाय, आपण कुठल्या बाजूला आणि का, ते चहा पिता पिता सांगत. कप ठेवून उठले की आम्ही समजायचं, मतदानाला स्वारी गैरहजर होती. 'उभे आमदार' हे नाव माझ्या बायकोनं, सुमननं ठेवलेलं.

मी केंद्र सरकारच्या गाडीवरचा ड्रायव्हर. बदलीवर इकडं आलो आणि इथलाच झालो. शाळा आम्हा दोघांचीही बेताचीच, पण सुमनला विचारायची लाज नव्हती. पुढच्या खुर्चीत बसून साताऱ्याच्या हिंदीत विचारायची, "कहाँ थे जी उस दिन?"

एकदा ते म्हणाले, "बहनजी, जाम में फँस गया."

"जाम तो हमको भी लगता है. हम जल्दी निकलते हैं."

दुसऱ्यांदा म्हणाले, लग्नाला गेलो होतो. "किसकी शादी?" ही सोडते होय. आमदार सरदारजी, त्यांनी पगडी चाचपली. "ठेकेदार के लड़के की, जी." बाग हसली, तेही हसले, पण बसले नाहीत. सुमन "बैठो अब" म्हणेपर्यंत ते बसत नसत, आणि खरं कारण बाहेर येईपर्यंत ती म्हणत नसे.

शाळांच्या फीच्या कायद्याला त्यांनी विरोध केला तेव्हा निम्मी बाग चिडली. ते बसूनच राहिले. "नाराज हो जाइए. वोट मैंने सोच के दिया है." सुमनलाही पटलं नव्हतं. घरी येताना म्हणाली, "माणूस चुकतोय, पण लपवत नाही."

तिचा जीव एकाच कायद्यात अडकला होता. नळाचं पाणी आल्याशिवाय बिल्डरनं फ्लॅटचा ताबा द्यायचा नाही, असा तो कायदा. आमचा जन्म टँकरमागं धावण्यात गेलेला. "इसमें आपका वोट पक्का चाहिए," असं तिनं त्यांना बजावलं होतं.

तो मताला आला त्याच दिवशी आम्ही तिला स्मशानात नेलं. आदल्या रात्री छातीत कळ आली आणि ती गेली. गर्दीत आमदार मान खाली घालून उभे दिसले. मला तेव्हा कायद्याचं कुठलं भान.

तेरावं झाल्यावर त्यांचा फोन आला. "भाई साहब, इतवार को आना. मुझे खड़ा होना है."

गेलो. तिची खुर्ची रिकामी ठेवली होती, तिच्यात बसलो. आमदार चहा न घेताच उभे राहिले. कायदा पास झाला, पण त्यात माझं मत नाही, म्हणाले. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. बायका डोळे पुसू लागल्या. मला मात्र राग आला.

"वो होती तो डाँटती," मी म्हणालो. "बोलती, मैं कहाँ भागी जा रही थी? पहले वोट डाल के आना था."

"हाँ जी. डाँटती."

आणि ते उभेच राहिले. चहा निवत चालला. मग माझ्या ध्यानात आलं, हा माणूस कशासाठी थांबलाय.

"बैठो अब," मी म्हणालो.

ते बसले. गार चहा एका घोटात संपवला आणि पुढच्या अधिवेशनात कुठला कायदा येतोय ते सांगू लागले. मी खुर्ची जरा पुढं ओढली.