कोंडलेल्या बारा बाटल्या

मेव्हण्याने परदेशातून आणलेला माल्टच्या अर्काचा डबा आमच्या नरपडच्या घरी माळ्यावर पडून होता. बार्लीचा काकवीसारखा घट्ट पाक. त्यात पाणी आणि यीस्ट घातलं की घरच्या घरी बिअर होते. मुदत संपून दोन वर्षं झाली होती. फेकून द्यायला हवा होता. पण मला फुकटची वस्तू फेकवत नाही, आणि नको तिथे शहाणपणा करायची खोड आहे.

पाक काळा पडला होता, पण वास बरा होता. झाकणाखालची यीस्टची पुडी कोमट पाण्यात टाकून तासभर बघत बसलो. एक बुडबुडा नाही. तेवढ्यात आमच्या वाडीतल्या ताडावरून काका उतरले. हे तलासरीकडचे, माझ्या लहानपणापासून आमचे ताड चढणारे. नेहमीप्रमाणे त्यांनी पहिली धार जमिनीवर सोडली, मग मडकं तोंडाला लावलं. ताडीवर फेस चढत होता. म्हटलं, हेच आपलं यीस्ट! पिंपात पाक पाण्यात कालवला, तांब्याभर ताडी मागून घेतली आणि त्यात ओतली.

चार दिवसांनी फेस बसला तसा मी माल बाटल्यांत भरायला घेतला.

"तिला कोंडू नको," काका म्हणाले. "मडक्याला आपण फडकाच बांधतो ना? कोंडली का चिडते."

"काका, ही बिअर आहे. तिचं शास्त्र असतं." मी प्रत्येक बाटलीत चमचाभर साखर टाकली आणि झाकणं ठोकून बसवली. हे मी मोबाइलवर पाहिलं होतं.

बारा बाटल्यांचा क्रेट मी बाबांच्या खाटेखाली सरकवला. घरात तीच खोली सगळ्यात थंड, आणि बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले होते. त्यांचा एक डोळा काचबिंदूने केव्हाच गेलेला. आता उरलेल्या एकावर सगळी भिस्त. डॉक्टरांनी बजावलं होतं, वाकायचं नाही, डोळ्याला धक्का लागू द्यायचा नाही. ते परत आले तेव्हा क्रेट हलवायला हवा होता. पण त्यांनी विचारलं, "खाली काय आहे रे?" आणि मी म्हणालो, "चिकूचा सिरका." मग त्यांच्यादेखत तो बाहेर काढायची मला लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी बार उडाल्यासारखा आवाज झाला.

मी धावलो. बाबा खाटेवर उठून बसले होते, डोळ्यावर पट्टी, हात काठ चाचपत होता. ते वाकणार होते.

"बाबा, हलू नका! वाकू नका!"

दुसरी फुटली. काच खाटेच्या फळीवर खालून आदळली. फरशीवर फेस आणि तुकडे. बाबांनी पाय खाली टाकला तर काच, आणि तिथेच बसले तर खाली दहा बाटल्या. मी दारात उभा राहिलो. मला भीती वाटली, आणि ती फक्त बाबांच्या डोळ्याची नव्हती.

काका अंगणातून ओलं गोणपाट घेऊन आत शिरले. अनवाणीच. आडवे होऊन त्यांनी ते क्रेटवर पसरलं आणि ओरडले, "बघतोस काय? शेटला उचल!"

मी बाबांना उचललं. किती हलके झाले होते ते. ओटीवर पोचेपर्यंत तिसरी फुटली, पण गोणपाटाखाली, दबक्या आवाजात.

बाबांना खुर्चीत बसवून पट्टी बघितली. कोरडी होती, दुखत नव्हतं.

"सिरक्याला ताडीचा वास कसा?" बाबांनी विचारलं.

पायरीवर बसलेल्या काकांनी माझ्याकडे बघितलं. "शेट, माझा मडका फुटला."

क्षणभर मला ते सोयीचं वाटलं. याची लाज अजून जात नाही. मग मी सगळं सांगितलं, डब्यापासून झाकणांपर्यंत.

बाबांनी काकांच्या आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं. "त्याला लागलंय कुठे?"

"पायाला. तळव्यात काच गेलीय."

"मग माझ्यापुढे काय बसलास? धू तो पाय."

मी पाण्याची बादली आणली. काकांनी पाय मागे ओढला, मी परत पुढे घेतला. ताड चढून चढून टाचा जाड झालेल्या, काच मात्र मधल्या मऊ जागी रुतली होती. आता आठ-दहा दिवस चढता येणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. काच काढली, जुन्या धोतराची पट्टी फाडली आणि रक्त थांबावं म्हणून करकचून बांधली.

"कोंडू नको रे," काका म्हणाले.

मी गाठ सोडली आणि सैल बांधली.