ग्रँडमास्टर, संगणक आणि माझी लाज

मित्रांनो, आज स्वतःचीच किळस आली आहे, म्हणून लिहितोय.

आमच्या चिखलीच्या बुद्धिबळ मंडळाने आज ग्रँडमास्टर विरुद्ध संगणक असा सामना ठेवला होता. सगळा खर्च कापसाची जिनिंग गिरणी असलेल्या एका शेठजींनी उचललेला. लॅपटॉप सांभाळून संगणकाच्या चाली पटावर करायचं काम माझ्याकडे.

तासाभरात ग्रँडमास्टरांचा डाव अडचणीत आला. शेठजींनी मला बाजूला घेतलं. "सर, मशीनची ताकद कमी करा. पाहुणा हरला तर माह्यं नाव खराब होते. पेपरवाले आले हायेत."

"शेठजी, ही बेइमानी आहे."

"मंग पुढच्या साली पैसे कोनाले मागसान?"

मी परत येऊन दोन बटणं दाबली आणि संगणकाला कच्चा खेळाडू करून टाकलं.

तिसऱ्याच चालीला ग्रँडमास्टरांनी मान वर केली. "काही बदललंत का?" त्यांनी हळूच विचारलं. मी लॅपटॉपचा पडदा माझ्याकडे वळवला.

त्यांनी घड्याळ थांबवलं, आपला राजा आडवा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी हरलो."

शेठजींनी तरीही त्यांना हार घालून फोटो काढून घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

तिथे बोललो नाही ते इथे बोलतोय. संगणकाची ताकद मीच कमी केली होती. उद्या सकाळी मुलांचा बुद्धिबळाचा वर्ग आहे. त्यांना काय सांगू?